पायांचं पारणं



कार्तिकातली अष्टाह्निका संपली, पिच्छी परिवर्तन झालं, महाराजांचा विहार झाला आणि आमच्या मंदिरासमोरचा मांडव उतरला. चार महिने जिथे पाय ठेवायला जागा नसायची तिथे आता नुसते बांबूंचे खड्डे उरलेत. त्याच संध्याकाळी आरतीनंतर यात्रेची यादी फिरली. शिखरजी, चंपापुरी, पावापुरी. निघायचं कधी, तर बरोबर 22 दिवसांनी.

"नाव घालू का तुझं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"यंदा नको काकू. माघात कोणी निघालं तर येईन."

"अगं, भाव असला की भगवंत चढवून घेतात!"

चढवून घेतात, हे खरं आहे. उतरताना मात्र गुडघे आपलेच असतात. दोन वर्षांपूर्वी मी अशीच दिवाळीनंतर लगेच निघाले होते. त्या वर्षी दशलक्षणात एकाआड एक उपवास झाले होते, पुढे चातुर्मास संपेपर्यंत एकभुक्त चालू होतं आणि पावसाळाभर घर, मंदिर आणि चौका याच्यापलीकडे माझे पाय गेले नव्हते. मंदिरालासुद्धा स्कूटरवरून. निघायच्या आधी एक दिवस वीस मिनिटं चालून बघितलं, दम लागला नाही, म्हटलं झालं.

शिखरजीची वंदना ज्यांनी केली आहे त्यांना सांगायला नको. मधुबनपासून 9 किलोमीटर चढ, वर टोकांच्या दर्शनाचे 9 आणि उतार 9. सगळे मिळून 27 किलोमीटर. आम्ही पहाटे तीनला निघालो, अनवाणी. चढ छान झाला. थंडी, काठीचा टक टक आवाज, मागून पुढून णमोकार. 24 पैकी 20 तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्या डोंगरावर आपण चाललोय, या एका विचारावर माणूस चालतो. चंद्रप्रभूंच्या टोकेपर्यंत जाऊन परत फिरलो तरी मी बोलत होते. पार्श्वनाथ टोकेचं दर्शन घेतलं आणि उताराला लागले, आणि दोन किलोमीटरमध्ये माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. मग उजवा गुडघा. पायरी उतरताना पाय ठेवला की तो आतल्या आत वळतोय असं वाटायचं. शेवटी मी कठड्यावर बसले ते उठलेच नाही.

डोलीवाले आले. पहिला प्रश्न, "माताजी, वजन कितना?"

72 किलो. चौघांनी उचललं. माझ्या डाव्या बाजूचा माणूस माझ्या भावाच्या वयाचा असेल. त्याच्या खांद्यावर दांडी बसून बसून गाठ झाली होती, मुठीएवढी. सबंध उतारभर माझी नजर त्या गाठीवरून हलली नाही.

गैरसमज नको. डोलीवर त्यांचं घर चालतं, आणि वयस्कर, आजारी माणसांना तीच एक वाट आहे. त्यांना मी काही म्हणत नाही. पण मी बेचाळीस वर्षांची, धडधाकट बाई. मी डोलीत बसले ते वयामुळे नाही, निष्काळजीपणामुळे. आपल्याकडे त्याला प्रमाद म्हणतात, आणि हिंसेच्या व्याख्येत सगळ्यात आधी तो शब्द येतो. चार महिने मी पावलापुढची मुंगी चुकवली आणि शेवटी माझा भार चार माणसांच्या खांद्यावर टाकला. हे मला अजून टोचतं.

त्यानंतर घरी आल्यावर महिनाभर जिना बाजूने उतरत होते, खेकड्यासारखी. आणि त्या महिन्यात डोक्यात एक साधी गोष्ट आली. दहा उपवास झालेल्या बाईला आपण पारण्याला काय देतो? मुगाचं कढण. तेही चमच्याने. दुपारी थोडी पेज, दुसऱ्या दिवशी मऊ भात. पुरी-श्रीखंडाचं ताट कोणी पुढे केलं तर घरातल्या म्हाताऱ्या बायका त्याला घराबाहेर काढतील. पोट चार-आठ दिवस बंद होतं तर त्याला हळूहळू उघडायचं, हे आपल्या सात पिढ्यांना माहीत आहे. मग पाय चार महिने बंद होते, त्यांना पहिल्याच जेवणात 27 किलोमीटर का वाढतो आपण?

म्हणून माझं सरळ मत आहे की चातुर्मासानंतर पायांचंही पारणं झालं पाहिजे, आणि दिवाळीनंतर तीन आठवड्यांत निघणाऱ्या डोंगराच्या यात्रा बंद करून त्या पौष-माघात न्यायला पाहिजेत. थंडी तेव्हाही असते. रेल्वेही असते.

यावर काकूंचं उत्तर तयार असतं. शरीर वेगळं, आत्मा वेगळा. शरीराचे इतके लाड कशाला? रोज सकाळी बूट घालून फिरायला जाणं म्हणजे देहाची आसक्ती. मला हे पटत नाही, आणि मी ते शास्त्राच्या बाहेर जाऊन म्हणत नाहीये. मुनींच्या आहाराला जी नावं आहेत त्यात गोचरीबरोबर अक्षम्रक्षण हेही एक नाव आहे. अक्ष म्हणजे गाडीचा आस, म्रक्षण म्हणजे वंगण. गाडी मुक्कामाला पोचावी म्हणून आसाला लावतात तेवढंच वंगण, तसा आहार. आपण बहुतेक जणी शेतकऱ्यांच्या घरातल्या. आस कोरडा ठेवून बैलगाडी हाकणाऱ्याला आपले आजोबा विरक्त म्हणाले नसते. आळशी म्हणाले असते.

आणि भाद्रपदात ज्या सोळाकारण भावना आपण रोज म्हणतो त्यांत एक भावना आहे शक्तितस्तप. नुसता तप नाही, शक्तीप्रमाणे तप. त्याच्या शेजारी शक्तितस्त्याग. दोन्हीकडे तो शब्द मुद्दाम आहे. आपण तो म्हणतो आणि मग जाऊबाईंनी सोळा केले म्हणून आपण सोळा करायला बसतो.

पण हे अर्धंच झालं. दुसरं अर्धं मला जास्त लागतं. पाच आचारांत शेवटचा वीर्याचार आहे, म्हणजे असलेली शक्ती न लपवणं. तिथे माझी पंचाईत होते. पावसाळ्यात बाहेर चालायचं नाही यामागे कारण खरं आहे. ओल्या रस्त्यावर गांडुळं, गोगलगायी, ते वेटोळं करून पडणारे पैसे किडे, कडेला शेवाळ. चार हात पुढे बघून चाललं तरी पाऊल कुठे ठेवायचं कळत नाही. बरोबर आहे. पण घरात जिना होता की. गच्चीवर पत्र्याखाली दहा पावलांची कोरडी जागा होती. खुर्ची होती. मी तिथेही काही केलं नाही आणि "चातुर्मास आहे ना" असं सांगत राहिले. जीवदयेचं नाव घेऊन मी जरा आळसच केला. हे मी आता उघड मान्य करते, कारण मला ठाऊक आहे की तुमच्यापैकी निम्म्या जणी आत्ता हसताय.

आपण चातुर्मासात रिकाम्या बसतो असंही नाही म्हणा. महाराजांचा चौका ज्या घरात लागतो त्या घरच्या बाईला विचारा. पहाटेपासून पाणी गाळणं, दळण, स्वयंपाक, पडगाहनाला उभं राहणं, मग भांडी. संध्याकाळी पाय सुजतात. पण दिवसभर उभं राहून दमणं वेगळं आणि पायात ताकद येणं वेगळं. आठ तास ओट्यापाशी उभी राहणारी बाई तिसऱ्या मजल्यावर चढताना धापा टाकते, हे मी माझ्यावरच बघितलं आहे. त्यात प्रथिनं कमी. पालेभाजी बंद, मोडाचं बंद, एकभुक्ताला एकदाच जेवायचं. अशा वेळी शरीर मांसपेशीही थोड्या खर्च करतं. वजन कमी झालं म्हणून आपण खूश होतो, पण काय कमी झालं ते काटा सांगत नाही.

गेल्या वर्षी मग मी पारण्यासारखंच केलं.

दिवाळी पाडव्यापासून मंदिराला स्कूटर बंद. येऊन जाऊन अडीच किलोमीटर. बस, दहा दिवस एवढंच, जास्त चालावंसं वाटलं तरी नाही. हा पहिला मोह असतो आणि तो फसवा असतो, कारण दम लवकर परत येतो आणि सांधे उशिरा. दोन आठवड्यांत श्वास म्हणतो चला, आणि गुडघ्याच्या शिरा अजून मऊ भातावरच असतात. शिखरजीला माझं हेच झालं होतं. दम होता, म्हणून मी समजले की सगळं आहे.

आपल्या नियमांमुळे वेळेचंही गणित वेगळं पडतं, ते कुठल्या फिटनेसवाल्याला विचारून उपयोग नाही. माझा देवदर्शनाशिवाय पाणी न घेण्याचा नियम आहे. तहानलेल्या पोटी भराभर चालले की दहाव्या मिनिटाला डोकं गरगरायचं. मग उपाय सापडला. मंदिराकडे जाताना हळू, ईर्यासमितीने, खाली बघत. थंडीत साडेसहानंतर, उजेड झाल्यावर. दर्शन, गंधोदक, मग पिशवीतल्या बाटलीतलं गाळलेलं पाणी, आणि खरं चालणं परतीच्या वाटेवर, कालव्याच्या रस्त्याने लांबचा फेरा घेऊन. संध्याकाळी चारी आहारांचा त्याग असतो, पाणीसुद्धा नाही, म्हणून तेव्हा घाम निघेल असं काही करायचं नाही. पण सहाच्या आत जेवणं होतात, साडेसहाला ओटा पुसून होतो, हा केवढा मोठा फायदा आहे! बाकीच्या घरांत तेव्हा कुकर लागत असतो. मी गच्चीवर फेऱ्या मारते.

साडीवर बूट घालून गेले तेव्हा मंदिराच्या ओसरीवर दोन आज्यांनी तोंडं फिरवली. कापडी आहेत, चामडं नाही, असं मी स्वतःहून सांगितलं. आता त्यातल्या एकीने नातवाकडून तसलेच मागवलेत.

तिसऱ्या आठवड्यापासून जिना. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ही मला कोणी सांगितली असती तर ती गाठ बघायची वेळ आली नसती. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावतो, आणि ही सवय नसली की त्याला फार लागतं. दुखणंही लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. म्हणून डोंगराची तयारी चढाची नसते, उताराची असते. मी आमच्या इमारतीचे तीन मजले कठड्याला हात ठेवून सावकाश उतरायचे, प्रत्येक पायरीला एक णमोकार पद मनात. आधी एकदा, मग आठवड्याने दोनदा, पौष उजाडेपर्यंत सहादा. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं. आणि रोज कायोत्सर्ग, जो आपण नाहीतरी करतो, फक्त भिंतीला न टेकता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि गुडघा बोलला, तर त्या दिवशी पुढची पायरी नाही. कालचंच, किंवा त्याहून कमी. अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त असतं, तेव्हा फक्त मंदिरापर्यंत. म्हणजे विश्रांतीचे दिवस पंचांगातच छापलेले आहेत, वेगळे शोधायला नकोत. जेवणात ज्वारीची भाकरी होतीच, तिच्याबरोबर रोज एक वाटी घट्ट डाळ, शेंगदाण्याची चटणी, सकाळी दूध. पौषाच्या शेवटी हिशेब केला तर आठवड्याला तीन तासांच्या आसपास चालणं होत होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, तेवढं स्कूटर ठेवून दिल्यानेच निम्मं भरलं. साखर, रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, माझं ऐकून जिने उतरू नका.

माघात मी आणि माझी जाऊ मांगीतुंगीला जाऊन आलो. पायऱ्या किती आहेत ते तिथे गेलेल्यांना माहीत आहे. उतरलो, आमच्या पायांनी.

आता थोडं मंडळाबद्दल, राग मानू नका. आपण उपवास करणाऱ्यांचा सत्कार करतो, साडी देतो, वाजतगाजत मिरवणूक काढतो. शिखरजीला कोणी किती वंदना केल्या याची मोजदाद होते. "तिने तीन केल्या, तू एकच?" पारण्यानंतर मात्र त्या बाईकडे कोणी फिरकत नाही. यात्रेच्या पत्रकावर धर्मशाळा, जेवण, सोवळ्याचे कपडे, सगळं असतं; आधी महिनाभर चाला असं एका ओळीत का लिहीत नाही आपण? रविवारी पंधरा जणी कालव्यापर्यंत चालत गेल्या तर मंडळाचा एक रुपया खर्च होत नाही. आणि बाहुबलींचं उदाहरण देणं थांबवा. ते वर्षभर उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, खरं आहे. त्यांचं वज्रवृषभनाराच संहनन होतं. हाडं-सांध्यांची ती मजबुती या काळात मिळत नाही हे शास्त्रच सांगतं. वंदन त्यांना करायचं, बरोबरी कशाला?

हे सगळं लिहायचं खरं कारण यात्रा नाही. माझ्या सासूबाई आहेत. आई 74 वर्षांच्या. गेली चार-पाच वर्षं मी बघतेय, प्रत्येक चातुर्मासानंतर आई थोड्या कमी परत येतात. आधी दिवाळीनंतर पंधरा दिवसांत त्या पूर्वीसारख्या बाजारात जायच्या. मग महिना लागायला लागला. गेल्या वर्षी त्या बाजारात गेल्याच नाहीत, मंदिरापर्यंतच. तरुण बाईचं चार महिन्यांचं गेलेलं दोन महिन्यांत भरून येतं. त्यांच्या वयात ते हळू भरतं, आणि कधीतरी भरायचं राहून जातं. आम्ही घरातल्यांनीही "आई, तुम्ही बसा" म्हणून म्हणून त्यांना बसवलं. प्रेमानेच. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात.

यंदा पाडव्याला मी त्यांना विचारलं, "आई, कुंभोजचा डोंगर चढायचा का परत?" त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी चपला घालून उभ्या होत्या.

पहिला आठवडा अंगणात. दुसऱ्यात कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत. खुर्चीवरून उठणं त्यांना आधी जमेना, मग उशी ठेवून उंच केली, आता उशी काढली आहे. चहा मात्र सकाळी हे करतात, कारण सासू-सून दोघी बाहेर. पहिल्या दिवशी साखर विसरले.

परवा रविवारी आम्ही कुंभोजला गेलो. खाली बाहुबलींची 28 फुटी मूर्ती आहे, तिच्यासमोर आई बराच वेळ उभ्या होत्या, काठी न टेकता. मग पायऱ्यांकडे वळलो. मी मागे, ह्यांनी पुढे. चाळीस पायऱ्या झाल्या असतील. वरचं मंदिर अजून लांब होतं, मला वाटलं आता या हट्ट करतील. ह्यांनी "आई, डोली बघू का?" म्हटलं.

आई कडेला टेकल्या. घाम पुसला. वर बघून हात जोडले.

"नको रे. आज इथपर्यंत. आणि मला धरू नका, उतरताना मला बघू दे कसं जमतंय."